टिचबटण

समाजासाठी काहीतरी केले पाहिजे, असे आम्हाला २०१६ साली एकदम वाटू लागले. आम्ही म्हणजे तिघे. एक तंत्रनिकेतनात शिकवतो, एकाचे सोलापुरात मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि एक मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी चहाला एकत्र बसलो की विषय ठरलेला असायचा : आपल्या पोरांच्या हातात मोबाइल आला, पण त्यात पाहण्यापलीकडे ती काही करत नाहीत. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. दहा वर्षे आम्ही त्यातले आकडे व्यासपीठांवरून सांगत होतो. आकडे सांगून सांगून आमचाच घसा बसला, तेव्हा कार्यशाळा घ्यायचे ठरले.

पहिली कार्यशाळा शादीखान्यात झाली. साठ मुले, दहा-बारा मुली, एक मोठा फलक आणि चार यंत्रमानवांचे संच. संच उसने आणलेले. देणाऱ्यांनी बजावले होते, एकही स्क्रू हरवता कामा नये. पाहुणे उशिरा आले. ते येईपर्यंत वेळ भरून काढायचा म्हणून आम्ही अल-ख्वारिझ्मीवर भाषण ठोकले. नवव्या शतकातले बगदाद, त्याच्या नावाचे लॅटिन रूप होऊन पुढे 'अल्गोरिदम' हा शब्द कसा आला, त्याच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून 'अल्जिब्रा' कसा आला, सगळे सांगितले. अल-जझारीचे १२०६ सालचे यंत्रांचे पुस्तक आणि त्यातले हत्तीचे घड्याळ, तेही सांगितले. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि विचारता झाला, "सर, वो हाथी छोडो, ये गाडी हाथ में कब मिलेगी?"

मिळाली नाहीच. चार संचांना साठ मुले. यंत्रमानव टेबलावर ठेवून आम्हीच चालवून दाखवला, कारण स्क्रूची जबाबदारी आमच्यावर होती. मुलांनी तो पाहिला, पाहुण्यांनी पाहिला, फोटो निघाले. मुली मागच्या रांगेत होत्या, त्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसल्या असतील. संध्याकाळी आम्ही स्क्रू मोजले. सगळे होते. त्या दिवसातले पूर्ण यशस्वी झालेले काम तेवढेच.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या शिक्षिका बाईंनी शाळेत मुलींना विचारले, काल काय शिकलात? एकीने उत्तर दिले, "मॅडम, कुर्सियाँ अच्छी थीं." ही मुलगी चेष्टा करत नव्हती. शाळेत त्या खालीच बसतात.

हार झाली की आमच्यासारखी माणसे पुस्तकाकडे धावतात. आम्ही सिमोर पॅपर्ट वाचला. मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा १९६७ साली सहकाऱ्यांबरोबर तयार करणारा हा गणिती. (तो वारला तेही २०१६ सालीच, जुलै महिन्यात. आम्हाला नंतर कळले.) 'माइंडस्टॉर्म्स' या १९८० सालच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो आपल्या लहानपणीची गोष्ट सांगतो. त्याला मोटारीतल्या दातेरी चाकांचे वेड होते. पुढे शाळेत गणित आले तेव्हा समीकरणे त्याला त्या चाकांसारखी फिरताना दिसत. चाके त्याला कोणी शिकवली नव्हती, ती त्याला आवडली होती, म्हणून गणित त्याला परके वाटले नाही. पण पॅपर्टचे खरे म्हणणे पुढे आहे. प्रत्येक मुलाच्या हातात दातेरी चाके दिली म्हणून काही प्रत्येकाला गणित आवडणार नाही. ज्याचे त्याचे चाक वेगळे असते. ते शोधावे लागते.

आम्ही शोधायला बसलो. आमच्या गल्लीचे चाक कोणते? पुरुषांचे बघायचे तर रिक्षा, गॅरेज, माग. बायकांचे बघायचे तर बिडी आणि शिलाई. मागावर आम्ही बराच वेळ रेंगाळलो, कारण सोलापुरी चादर जॅकार्डवर विणतात आणि जॅकार्ड म्हणजे संगणकाचा आजाच. फ्रान्समध्ये १८०४ साली तो माग आला. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर नक्षी लिहिलेली असते. जिथे भोक तिथे सुई आत जाते, जिथे नाही तिथे अडते. होय आणि नाही, एवढ्या दोनच शब्दांत अख्खा मोर विणला जातो. बॅबेजच्या गणनयंत्रावर टिपणे लिहिताना एडा लव्हलेसने १८४३ साली याच मागाची उपमा दिली होती. ज्या शहरात असल्या पट्ट्यांच्या माळा लोंबतात, तिथल्या पोरांना आम्ही 'प्रोग्रॅमिंग म्हणजे काय' हे उसन्या यंत्रमानवावर समजावत होतो! पण कारखानदार मुलांना आत येऊ देईनात, आणि पुन्हा चालवून दाखवणे तेवढेच झाले असते. मागाचा विषय तिथेच राहिला.

राहिली सुई. ती घरोघरी होती, आणि तिचे स्क्रू मोजावे लागत नव्हते.

कापडावर सर्किट शिवण्याची कल्पना आमची नाही. अमेरिकेत लिआ ब्युकली यांनी शिवता येईल असा 'लिलीपॅड' नावाचा छोटा संगणक केला, तो २००७ साली बाजारात आला. त्याची किंमत आम्हाला परवडणारी नव्हती आणि पहिल्या दिवशी गरजही नव्हती. मनगटी घड्याळात असतो तसला, जरा मोठा नाण्याएवढा सेल, दोन-चार एलईडी आणि वीज वाहून नेणारा दोरा, एवढ्यावर भागणार होते. सेल तीन व्होल्टचा, शॉक बसायची भीती नाही.

आता बायका-मुलींना बोलवायचे कसे, हा प्रश्न. 'कार्यशाळा' हा शब्द त्यांच्या कानाला सरकारी वाटतो. 'वर्कशॉप' म्हणावे तर आमच्या मोहल्ल्यात वर्कशॉप म्हणजे गॅरेज. एका दादीजानने नातीला स्पष्ट नकार दिला, "लडकियाँ रिक्षा खोलने बैठेंगी क्या?" शेवटी 'लाइटवाली सिलाई' असे नाव पडले. कोणी पाडले ते आठवत नाही, आमच्यापैकी कोणी नव्हते हे नक्की. जागा शादीखान्याऐवजी शिक्षिका बाईंच्या घरची पुढची खोली. वेळ जोहरनंतर ते असरपर्यंत. सकाळी बिड्या कारखान्यात द्यायच्या असतात, पान-तंबाखू घेऊन यायचे असते, स्वयंपाक असतो. असरनंतर मुले शाळेतून येतात. मधले दोन तास, तेही आठवड्यातून एकदा. दिवसभराची कार्यशाळा ही नोकरदारांची चैन आहे, हे आम्हाला तेव्हा कळले.

पहिल्या दिवशी चौदा जणी आल्या. सर्वांत लहान बारा वर्षांची, सर्वांत मोठ्या खाला साठीच्या पुढच्या. या वेळी भाषण करायचे नाही अशी आम्ही एकमेकांना शपथ घातली होती. चटईवर बसल्या बसल्या प्रत्येकीच्या हातात एक सेल आणि एक एलईडी दिला. लांब पाय एका बाजूला, आखूड पाय दुसऱ्या बाजूला, मध्ये सेल धरून चिमटीत दाबा. ज्यांचे लागले त्या ओरडल्या, ज्यांचे लागले नाहीत त्यांना शेजारणीने उलटे धरायला सांगितले. पाच मिनिटांत खोलीभर लाल-हिरवे ठिपके. आम्ही अजून एक अक्षर शिकवले नव्हते.

शब्दांची अडचण मात्र होती. मराठी शाळेतल्या मुली 'विद्युतधारा' म्हणतात. उर्दू शाळेतल्या 'बर्की रौ' म्हणतात. आम्ही दोन्ही शब्द वापरून पाहिले आणि दोन्हीकडच्या मुली सारख्याच गप्प झाल्या. मग खाला म्हणाल्या, "करंट बोलो ना." करंट बोललो. भाषेच्या प्रश्नावर आम्ही याच पानांतून पूर्वी तावातावाने लिहिले आहे. त्या दुपारी तो प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला. कायमचा सुटला असे कोणी समजू नये.

दुसऱ्या आठवड्यात एकीने रुमालावर फूल काढले. मधोमध लाल दिवा, भोवती पांढरे, सगळ्यांना एकच सेल. लाल लागला, पांढरे काही केल्या लागेनात. तंत्रनिकेतनवाल्याला उत्तर माहीत होते. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. शेजारी शेजारी जोडले की लाल सगळा प्रवाह ओढून घेतो. हे सांगायला त्याने फळ्यावर आलेख काढायला घेतला. तेवढ्यात मागून एक भाभी म्हणाल्या, "नीचेवाले के नल कू पानी आया तो ऊपरवाले के नल में कैसा आयेंगा?" सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. येते त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांनी तोटी उघडली की वरचे कोरडेच राहतात, हे प्रत्येक बाईला रडकुंडी येईपर्यंत ठाऊक आहे. फळा पुसला. पुढे त्या खोलीत लाल दिव्याला 'नीचेवाला' असेच नाव पडले. लाल एका सेलवर आणि पांढरे दुसऱ्या सेलवर, ही युक्तीही त्याच भाभींची : "उनकू अलग टाकी देव."

दोऱ्याने मात्र आम्हाला रडवले. पोलादी तंतूंचा तो खास दोरा बाहेरून मागवायचा, मोजून कापून द्यायचा. जाड, ताठ, सुईच्या नेढ्यात न जाणारा. चौदा जणींना पुरेना. तेव्हा मोबाइलवाल्याला जर आठवली. जर म्हणजे धातूच की! आम्ही बाजारातून जरीची चार रिळे आणली, मोठ्या ऐटीत मल्टिमीटर लावला. ढिम्म. चारही मुकी. सोनेरी दिसणारी ही आजची जर म्हणजे बहुतेक प्लास्टिकची पट्टी, धातूचा नुसता मुलामा, त्यावर पुन्हा रंगाचा थर. तिच्यातून करंट जाणार कसा?

खालांनी आमची चाललेली झटापट बघितली, काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पदरात बांधून एक काळपट पडलेली लड आणली. त्यांच्या लग्नातल्या दुपट्ट्यावर काम करून उरलेली सच्ची जर. रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची बारीक तार गुंडाळलेली. चिंधीने चोळून तिची दोन टोके मल्टिमीटरला लावली आणि तो पिंऽऽ करून ओरडला. खोलीतल्या सगळ्या जणी हसू लागल्या. खाला हसल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मेरी शादी में करंट था, मेरेकू मालूम नै था?" मग मात्र सगळी खोली फुटली.

याच्याशी जुळणारी एक गोष्ट आम्हाला नंतर वाचायला मिळाली. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी कापडावर सर्किट करायला घेतली, तेव्हा त्यांनी एक तयार कापड हाती घेतले होते : भारतात विणले जाणारे जरीचे ऑर्गन्झा. उभे धागे रेशमाचे, आडव्या रेशमी धाग्यांवर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली. तिकडच्या प्रयोगशाळेत जे पोहोचले ते इथल्या खालांच्या संदुकीत होतेच. आम्ही हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांना फारसे नवल वाटले नाही. आम्हालाच वाटले, कारण शादीखान्यात आम्ही बाराशे वर्षांपूर्वीच्या बगदादेत अभिमान शोधत होतो आणि संदूक दोन गल्ल्या सोडून होती.

मात्र खालांची जर खर्ची घालायची नाही असे ठरले. दोन विती घेतल्या, बाकी परत केली. पुढे जुन्या हेडफोनच्या तारा सोलून, त्यांवरचा मुलामा खरवडून आणि तांब्याच्या चिकटपट्टीवर आम्ही भागवले.

चुका किती झाल्या त्याची गणतीच नाही. कापडाच्या उलट्या बाजूला गाठीची टोके लांब सोडली की ती एकमेकांना शिवतात आणि दिवा विझतो, सेल गरम होतो. सुबक शिवणाऱ्या बायकांचे दिवे पहिल्यांदा लागायचे आणि आमचे विझायचे. एका चुकीने मात्र आमची झोप उडवली. एक सेल मोजणीत कमी भरला. बायका कडेवर पोरे घेऊन येतात, आणि असला सेल लहान मुलाने गिळला आणि घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजते. अर्धा तास चटया झटकल्या. सेल एकीच्या शिलाईच्या डब्यात निघाला. तेव्हापासून आत येताना आणि बाहेर जाताना सेल मोजून द्यायचे-घ्यायचे हा नियम झाला, आणि घरी न्यायच्या वस्तूत सेल कापडाच्या खिशात शिवून बंद. स्क्रू मोजणाऱ्यांना आम्ही हसलो होतो. आता आम्हीही मोजत होतो, एवढेच की कारण वेगळे होते.

तीन महिन्यांनी सगळ्यांनी केलेल्या वस्तू त्याच खोलीत मांडल्या. घरच्या माणसांना बोलावले. उजळणारी टोपी होती, उशीचा अभ्रा होता, उघडली की आत दिवा लागणारी पर्स होती. पण सगळ्यांच्या नजरेत भरली ती नववीतल्या एका मुलीची वस्तू. तिने सुपाच्या कडेला कापडी पट्टी शिवली होती, तिच्यावर तीन पांढरे दिवे, आणि बिघडलेल्या रिमोटमधला खण काढून त्यात दोन पेन्सिल सेल. तिची अम्मी बिड्या वळते. वीज गेली की मांडीवरच्या सुपात पान दिसत नाही, काम थांबते, हजार पुरे होत नाहीत. आता होणार होते.

आम्ही किती खूश झालो ते काय सांगावे! याला म्हणतात आपल्या माणसांच्या गरजेतून आलेले तंत्रज्ञान, वगैरे वगैरे आम्ही बोललो. शपथ मोडली, भाषण झालेच. मुलीला बक्षीस म्हणून कंपास दिला. तिच्या अम्मीला पुढे बोलावले आणि सूप त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, दिव्यांवरून बोट फिरवले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, "अब लाइट गई तो बी छुट्टी नै."

हसत म्हणाल्या. सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो, आणि घरी जाताना तिघेही गप्प होतो. त्या बाईला चोवीस तासांत कधी काळी मिळणारा अर्धा तास, कोणाला न विचारता मिळणारा, पाय लांब करून अंधारात बसायचा, तो आमच्या कार्यशाळेने काढून घेतला होता. मुलीने आईवरच्या मायेने केले होते. तिची काही चूक नव्हती. आम्ही प्रत्येक आठवड्याला विचारत आलो होतो, 'काय बनवायचे आहे?' कोणासाठी, आणि त्या माणसाला ते हवे आहे का, हे विचारायला कोणालाच सुचले नव्हते. आमच्यातल्या एकाचे म्हणणे पडले की आपण फार विचार करतो, चार बिड्या जास्त वळल्या तर चार पैसे जास्त. दुसऱ्याचे म्हणणे पडले की वीज नसण्याची सुट्टी ही काही सुट्टी नव्हे. शिक्षिका बाई एवढेच म्हणाल्या, तुम्ही दोघांनी कधी रात्री दहा वाजता सुपापुढे बसून पाहिले आहे का? वाद तिथेच राहिला, तो आजही मिटलेला नाही.

दोन-तीन आठवड्यांनी, जोहरनंतर, त्या मुलीची अम्मी दारात उभी. तोपर्यंत कधी आली नव्हती, तिच्याकडे वेळच नसायचा. काखेत तेच सूप. आम्हाला वाटले दिवे बंद पडले, दुरुस्तीला आणले असेल. मोबाइलवाला सरसावला.

"लगती है," त्या म्हणाल्या. "बंद कैसा करते? पहले वो सिखाव."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तीन महिन्यांत आम्ही बटण शिकवलेच नव्हते. दिवा लागला की झाले, अशीच आमची यशाची व्याख्या होती. विझवायचा तर सेल काढायचा, लावायचा तर सेल घालायचा. पोर झोपली की त्यांना अंधारात खण उघडता येत नव्हता, म्हणून रात्रभर दिवे जळत, आणि दिवे जळत असले की हात रिकामे ठेवायला लाज वाटे.

ब्लाउजला लावतात ते टिचबटण धातूचे असते. त्याचा एक भाग तारेच्या एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला शिवला की टिच केले तर दिवा लागतो, उघडले तर विझतो. शिक्षिका बाईंनी दोन टिचबटणे आणि सुई त्यांच्यापुढे ठेवली. त्या भिंतीला टेकून बसल्या, पट्टी मधोमध कापली आणि कोणाला काही न विचारता शिवायला लागल्या. प्रत्येक भोकातून तीन-तीन वेढे, गाठ मारून टोके जवळ कापलेली, उलटी बाजूही सुलट्यासारखी स्वच्छ. दहा मिनिटे लागली असतील. टिच केले, तिन्ही दिवे लागले. उघडले, विझले. पुन्हा लावले, पुन्हा विझवले. पाच-सहा वेळा केले.

खालांनी विचारले, "चाय पियेगी?"

"हौ," म्हणाल्या, आणि दिवे विझवून सूप भिंतीला उभे करून ठेवले.